छिद्र लहान, दावा मोठा

दिवाळीच्या सुटीआधी आमचे दाजी घरी आले होते. तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत ते गणित शिकवतात. जेवण झाल्यावर त्यांनी पिशवीतून एक गुळगुळीत, रंगीत माहितीपत्रक काढले आणि माझ्यापुढे ठेवले. "सुटीत उरकून टाकावं म्हणतोय. तुझं काय मत?"

दाजींना छातीत जळजळ, आंबट ढेकर आणि घशाशी येणे हा त्रास सात-आठ वर्षांपासून आहे. गोळ्या चालू असतात, पण पुरता आराम पडत नाही. पत्रक एका रुग्णालयाचे होते. दुर्बिणीतून होणाऱ्या एका शस्त्रक्रियेची माहिती देताना त्यात तीन विधाने ठळक अक्षरांत छापली होती. पहिले : 'केवळ चार-पाच छोट्या छिद्रांतून होणारी किरकोळ शस्त्रक्रिया'. दुसरे : 'पित्तापासून व गोळ्यांपासून कायमची सुटका'. तिसरे : 'आमचे बहुसंख्य रुग्ण पूर्ण समाधानी'.

मी शस्त्रवैद्य नाही, प्रयोगशाळेत रसायनांबरोबर काम करणारा माणूस आहे. परंतु एखादे विधान पुराव्यावर उभे आहे की नाही हे तपासणे, हे विज्ञानाच्या कोणत्याही शाखेत काम करणाऱ्याचे कामच आहे. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. मग जे वाचून माणूस शस्त्रक्रियेच्या टेबलावर आडवा होतो त्या पत्रकाचे का होऊ नये? या तीन विधानांचे परीक्षण हाच या लेखाचा विषय आहे. त्यातली रीत शिक्षकांना वर्गातही वापरता येईल.

पित्त म्हणजे नक्की काय?

सुरुवात शब्दापासून करू. मराठीत 'पित्त' हा शब्द फार कामाचा आणि म्हणूनच फार फसवा आहे. छातीत जळजळले तरी पित्त, डोके दुखले तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त. शरीरशास्त्रात मात्र पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा आणि पुढे लहान आतड्यात उतरणारा हिरवट-पिवळा रस. तो आंबट नसतो. घशाशी येते ते आंबट पाणी बहुतांशी जठररसाचे असते आणि त्याचा आंबटपणा हायड्रोक्लोरिक आम्लाचा असतो.

जठरातील रसाचा सामू, म्हणजे पीएच, साधारण १.५ ते २ असतो. सामूचे मोजमाप घातांकी आहे. सामू २ असलेला द्राव सामू ४ असलेल्या द्रावापेक्षा दुप्पट नव्हे, शंभरपट आम्लधर्मी असतो. जठराचे अस्तर या आम्लापासून स्वतःचा बचाव करू शकते, अन्ननलिकेचे अस्तर तेवढे करू शकत नाही. म्हणून अन्ननलिका जिथे जठराला मिळते तिथे एक बंदोबस्त आहे. अन्ननलिकेच्या टोकाशी स्नायूंचे कडे आहे. त्याच जागी श्वासपटलाचे स्नायू बाहेरून तिला कवेत घेतात. शिवाय अन्ननलिका जठराला तिरकी मिळत असल्याने जठर भरले की ती वाट आपोआप दाबली जाते. घास खाली जाताना हे कडे उघडते, मग मिटते. अधूनमधून घास नसतानाही ते सैल पडते आणि ढेकर येतो. हे सैल पडणे वाढले, किंवा जठराचा वरचा भाग श्वासपटलातील छिद्रातून छातीत सरकला, की बंदोबस्त ढिला होतो आणि आम्ल वर येऊ लागते.

हे वर येणे मोजता येते, ही महत्त्वाची गोष्ट आहे. नाकातून एक बारीक नळी अन्ननलिकेत सोडतात आणि २४ तास सामूची नोंद घेतात. दिवसाच्या १,४४० मिनिटांपैकी किती मिनिटे सामू ४ च्या खाली गेला ते पाहतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीनुसार हा काळ ४ टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे ५८ मिनिटांपेक्षा, कमी असेल तर तो सर्वसाधारण समजतात. ६ टक्क्यांपेक्षा, म्हणजे सुमारे ८६ मिनिटांपेक्षा, जास्त असेल तर आजार नक्की. मधल्या पट्ट्यात इतर पुरावा पाहावा लागतो. थोडेफार आम्ल वर येणे हे निरोगी माणसातही घडते.

"तुमची ही तपासणी झाली का?" मी दाजींना विचारले. झाली नव्हती. दुर्बीण घालून जठर पाहिले होते, 'थोडी सूज' असा शेरा होता, एवढेच.

शस्त्रक्रियेची कुळकथा

या शस्त्रक्रियेचे जनक रुडॉल्फ निसेन. जन्म १८९६, जर्मनीतला. हिटलर सत्तेवर आल्यावर १९३३ मध्ये त्यांना देश सोडावा लागला आणि ते इस्तंबूलला गेले. तिथे १९३० च्या दशकात अन्ननलिकेच्या खालच्या भागाची एक शस्त्रक्रिया करताना त्यांनी नवा जोड सुरक्षित राहावा म्हणून त्याच्याभोवती जठराचा भाग गुंडाळला. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की त्या रुग्णाला आम्ल वर येण्याचा त्रास उरला नव्हता. जोडाच्या रक्षणासाठी केलेली गोष्ट झडपेचे काम करीत होती. १९५५ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्यांनी मुद्दाम याच हेतूने ही शस्त्रक्रिया केली आणि १९५६ मध्ये ती प्रसिद्ध केली. मधल्या काळात अमेरिकेत असताना, १९४८ साली, याच निसेन यांनी आल्बर्ट आइन्स्टाइन यांच्या पोटातील फुगलेल्या महारोहिणीवर शस्त्रक्रिया केली होती.

निसेन यांची कल्पना साधी आहे. जठराचा वरचा सैल, घुमटासारखा भाग अन्ननलिकेच्या मागून फिरवून पुढे आणायचा आणि टाके घालून तिच्याभोवती गळपट्ट्यासारखा बसवायचा. श्वासपटलातले छिद्र मोठे झाले असेल तर तेही टाके घालून आवळायचे. जठर भरले की गळपट्टाही दाबला जातो आणि वाट बंद होते. पुढे पूर्ण वेढ्याऐवजी अर्धा किंवा पाऊण वेढा घेण्याचे प्रकारही निघाले.

त्या काळी हे सारे पोट उघडून होत असे. १९८० च्या दशकात जर्मनी व फ्रान्समध्ये पित्ताशय दुर्बिणीतून काढण्यास सुरुवात झाली. भारतात ती शस्त्रक्रिया १९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी प्रथम केली. १९९१ मध्ये बेल्जियममधील बर्नार्ड दालमान्य यांनी निसेन यांची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून केल्याचे प्रसिद्ध केले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करायची, अर्धा ते एक सेंटिमीटरच्या पाचेक छिद्रांतून कॅमेरा व लांब दांड्याची हत्यारे आत घालायची आणि पडद्यावर पाहत काम करायचे. कार्बन डायऑक्साइडच का? तो पेट घेत नाही, त्यामुळे विजेच्या हत्याराने रक्तवाहिनी डागणे सुरक्षित राहते. शिवाय तो रक्तात सहज विरघळतो आणि श्वासावाटे बाहेर पडतो.

पहिले विधान : 'किरकोळ शस्त्रक्रिया'

लहान काय झाले? कातडीवरची चीर. आत जठर, अन्ननलिका आणि श्वासपटल यांच्यावर जे घडते ते १९५६ सालीही तेच होते आणि आजही तेच आहे. भूल पूर्णच द्यावी लागते. चीर लहान झाल्याचा लाभ खरा आहे. वेदना कमी होतात, माणूस लवकर घरी जातो, लवकर कामाला लागतो. पण चिरेच्या मापावरून शस्त्रक्रियेचे माप ठरवणे म्हणजे दाराच्या रुंदीवरून घराचे क्षेत्रफळ सांगणे होय.

या बाबतीत नेदरलँड्समधील एक चाचणी वाचण्यासारखी आहे. तिथे रुग्णांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागणी केली. एका गटाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून, दुसऱ्याची पोट उघडून. २००० साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्यंतरीचे निष्कर्ष आले. दुर्बिणीच्या गटातील ५७ पैकी ७ जणांना गिळण्याचा त्रास मागे राहिला होता, पोट उघडलेल्या ४६ जणांत एकालाही नाही. चाचणी थांबवण्यात आली. झाले, दुर्बीण हरली!

पण त्या संशोधकांनी रुग्णांचा माग सोडला नाही. पाच वर्षांनी पाहिले तर दोन्ही गटांत फारसा फरक उरला नव्हता. दहा वर्षांनी पाहिले तर चित्र उलटे झाले होते. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याची वेळ पोट उघडलेल्या गटात सुमारे ३५ टक्क्यांवर आली होती, दुर्बिणीच्या गटात सुमारे १५ टक्क्यांवर. फरकाचे एक कारण असे, की मोठ्या चिरेच्या जागी पुढे हर्निया होतो.

म्हणजे आधीचा निष्कर्ष खोटा होता का? नाही. तो त्या मुदतीपुरता आणि त्या हातांपुरता खरा होता. ऑस्ट्रेलियातील ॲडलेड येथील शस्त्रवैद्यांनी १९९६ मध्ये स्वतःच्याच २८० शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. प्रत्येक शस्त्रवैद्याच्या पहिल्या वीस शस्त्रक्रियांत गुंतागुंत अधिक होत असल्याचे त्यात दिसले. स्वतःच्या चुकांचा असा हिशेब छापणे ही मोठी गोष्ट आहे. पत्रकात 'किती छिद्रे' हे लिहिले होते. 'आतापर्यंत किती केल्या आणि किती पुन्हा कराव्या लागल्या' हे लिहिले नव्हते.

दुसरे विधान : 'कायमची सुटका'

'कायमची' हा शब्द लिहायचा तर निदान दहा वर्षे तरी वाट पाहिलेली असावी. अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांत झालेल्या एका चाचणीत २४७ रुग्णांची औषध व शस्त्रक्रिया अशी विभागणी केली होती. १९९२ मध्ये निष्कर्ष आला तेव्हा शस्त्रक्रिया स्पष्टपणे सरस ठरली. त्या वेळची औषधे आजच्यापेक्षा कमजोर होती हे ध्यानात ठेवावे. सुमारे दहा वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा गाठले. ज्यांची माहिती मिळाली त्यांतील शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६२ टक्के लोक पुन्हा नियमित आम्लविरोधी औषध घेत होते. औषध गटात हे प्रमाण ९२ टक्के होते.

या शस्त्रक्रिया पोट उघडून झालेल्या होत्या. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी स्वीडनमधील नोंदी पाहू. तिथे २००५ ते २०१४ या काळात ही शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ जणांची माहिती २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. सरासरी पाच वर्षांच्या काळात १७.७ टक्के लोकांचा त्रास उलटला. त्यांतील बहुतेकांना दीर्घकाळ औषध सुरू करावे लागले, काहींची दुसरी शस्त्रक्रिया झाली. शस्त्रक्रियेनंतरच्या महिन्याभरातील मृत्यूचे प्रमाण मात्र ०.१ टक्का, म्हणजे फार कमी होते.

इथे परीक्षकानेही सावध राहायला हवे. गोळी पुन्हा सुरू झाली म्हणजे शस्त्रक्रिया फसली, असा अर्थ सरसकट काढता येत नाही. शस्त्रक्रियेनंतर गोळ्या घेणाऱ्या अनेकांचा सामू मोजला तर तो ठीक असतो. पोटात कुरबुर झाली की जुन्या सवयीने गोळी चालू होते. पण रुग्ण गोळी घेतो आहे हे तर खरे. आणि पत्रकाने वचन दिले होते ते गोळीपासून सुटकेचेच.

आता आजच्या प्रभावी औषधांशी थेट तुलना. युरोपातील अकरा देशांत ५५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे पाच वर्षांचे निष्कर्ष २०११ साली आले. औषध गटातील ९२ टक्के आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्यांतील ८५ टक्के रुग्ण बरे राहिले. शीर्षकापुरते वाचले तर औषध जिंकले. पण बारकाईने पाहू. या चाचणीचा खर्च त्या औषधाच्या उत्पादकानेच केला होता. औषधाने ज्यांना आराम पडतो असे रुग्णच आधी निवडून घेतले होते. औषध गटात त्रास झाला तर मात्रा वाढवण्याची मुभा होती, शस्त्रक्रियेच्या गटात मात्र औषधाची गरज लागली की ते अपयश. आणि ५५४ पैकी शेवटपर्यंत टिकले ३७२. म्हणजे औषधाच्या बाजूचा पुरावाही तेवढ्याच कडकपणे वाचला पाहिजे.

याच चाचणीतील दुसरे आकडे मला अधिक उपयोगी वाटतात. अन्न-पाणी उलटून वर येण्याचा त्रास औषध गटात १३ टक्के लोकांना होता, शस्त्रक्रियेच्या गटात केवळ २ टक्के लोकांना. याचे कारण उघड आहे. औषध रसातले आम्ल कमी करते, पण वाट बंद करीत नाही. रस कमी आंबट होऊन वर येतच राहतो. उलट गिळताना अडकणे औषध गटात ५ टक्के तर शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्के. पोट फुगणे २८ विरुद्ध ४० टक्के. वायू सरणे ४० विरुद्ध ५७ टक्के. वरची वाट आवळली की गिळलेली हवा वर येऊ शकत नाही, तिला खालचा रस्ता धरावा लागतो. तृप्तीचा ढेकर ज्या दारातून येतो त्याच दारातून आंबट पाणीही येते. दार आवळले की दोन्ही अडतात. म्हणजे ही सुटका नव्हे, सौदा आहे. ज्याचे रात्री झोपेत अन्न घशाशी येते त्याला हा सौदा लाभाचा ठरू शकतो. ज्याला नुसती अधूनमधून जळजळ आहे त्याला तो महाग पडू शकतो.

तिसरे विधान : 'बहुसंख्य रुग्ण समाधानी'

असतीलही. पण समाधान कशामुळे? हृदयाकडे रक्त वाढावे म्हणून छातीतील दोन रक्तवाहिन्या बांधण्याची एक शस्त्रक्रिया १९५० च्या दशकात लोकप्रिय होती. १९५९ मध्ये अमेरिकेत १७ रुग्णांवर तिची परीक्षा झाली. सर्वांना चीर दिली, पण काहींच्याच वाहिन्या बांधल्या. कोणाच्या बांधल्या हे रुग्णांना ठाऊक नव्हते. आराम दोन्ही गटांना सारखाच पडला. ती शस्त्रक्रिया मागे पडली.

आम्ल वर येण्याच्या आजारातही हेच दिसते. चीरही न देता, तोंडावाटे दुर्बीण घालून त्या कड्यावर रेडिओलहरींची उष्णता देण्याची 'स्ट्रेटा' नावाची एक पद्धत २००० सालापासून अमेरिकेत वापरात आली. २००३ मध्ये तिची चाचणी ६४ रुग्णांवर लुटुपुटीच्या उपचाराशी तुलना करून प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी खरा उपचार झालेल्यांपैकी ६१ टक्के लोकांची रोजची जळजळ थांबली होती. लुटुपुटीचा उपचार झालेल्यांपैकी? ३३ टक्के लोकांची. काहीही न करता एक तृतीयांश! आणि अन्ननलिकेतील आम्लाचे मोजमाप केले तर दोन गटांत फरक नव्हता. लागणाऱ्या औषधातही नव्हता.

ज्या साधनांची परीक्षा पुरेशी झाली नव्हती त्यांचे काय झाले, याचाही इतिहास आहे. अन्ननलिकेभोवती सिलिकोनची कडी बसवण्याची अँजेल्चिक यांची पद्धत १९७० च्या दशकात निघाली आणि ती हजारो रुग्णांना बसवली गेली. पुढे कडी जागेवरून सरकणे, गिळता न येणे, अवयवाला ती रुतणे असे प्रकार होऊन ती काढून टाकण्याची वेळ अनेकांवर आली. कड्याच्या स्नायूत पॉलिमर टोचण्याच्या 'एन्टेरिक्स' या उपचाराला अमेरिकेत २००३ मध्ये मान्यता मिळाली. गंभीर अपाय झाल्यावर २००५ मध्ये तो बाजारातून काढून घ्यावा लागला. या सर्वांच्या पत्रकांवरही समाधानी रुग्ण होतेच.

निसेन यांची शस्त्रक्रिया या रांगेत बसत नाही, हे सांगणे न्यायाचे होईल. तिच्यानंतर सामू मोजला तर आम्लाचे वर येणे खरोखर घटलेले दिसते. इथे रुग्णाच्या सांगण्यापलीकडचा पुरावा आहे. म्हणून प्रश्न 'ही शस्त्रक्रिया चालते का' असा नसून 'ती कोणासाठी चालते' असा आहे.

३६६ मधले ७८

या प्रश्नाचे मला माहीत असलेले सर्वांत चांगले उत्तर २०१९ साली अमेरिकेतील निवृत्त सैनिकांच्या रुग्णालयांतूनच आले. गोळ्यांना दाद न देणारी जळजळ, अशी तक्रार असलेले ३६६ रुग्ण घेतले. म्हणजे दाजींसारखेच. शस्त्रक्रिया करण्याआधी त्यांना पद्धतशीर चाळणी लावली.

आधी सर्वांना दोन आठवडे ओमेप्राझोल दिवसातून दोनदा, वेळा नीट समजावून, दिले. एवढ्यानेच ४२ जण बरे झाले! मग सर्व तपासण्या केल्या. ७० जणांनी त्या पूर्ण केल्या नाहीत. ५४ जण अन्य कारणांनी वगळले गेले. २३ जणांना अन्ननलिकेचे वेगळेच आजार निघाले. ९९ जणांची जळजळ आम्लामुळे नव्हतीच. अन्ननलिका ठीक, आम्लही ठीक, पण संवेदना मात्र जळजळीची. त्यांची तक्रार खोटी नव्हती, पण गळपट्टा बांधून ती जाणार नव्हती. उरले ७८.

या ७८ जणांची चिठ्ठ्यांप्रमाणे तीन गटांत विभागणी झाली. वर्षानंतर तक्रार निम्म्याने किंवा त्याहून अधिक कमी झालेले रुग्ण असे : दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या २७ पैकी १८, म्हणजे ६७ टक्के. वाढीव औषधे दिलेल्या २५ पैकी ७, म्हणजे २८ टक्के. पूर्वीचेच औषध व सोबत निरुपयोगी गोळी दिलेल्या २६ पैकी ३, म्हणजे १२ टक्के. योग्य रुग्ण निवडला की शस्त्रक्रिया औषधाला सहज मागे टाकते. आणि निवड केली नाही तर? ३६६ पैकी केवळ ७८ जणांनाच या तुलनेत उतरता आले, हे विसरता कामा नये.

पत्रकातील 'पित्त' हा एक शब्द या ३६६ जणांना एकाच रांगेत उभे करतो. माझ्या मते पत्रकाचा सर्वांत मोठा दोष हाच. दावे फुगवलेले आहेत हा दोष दुसऱ्या क्रमांकाचा.

तीन प्रश्न

दाजींना मी शस्त्रक्रिया करा किंवा करू नका असे काहीच सांगितले नाही. तो माझा अधिकार नाही. तीन प्रश्न मात्र कागदावर लिहून दिले. कोणावर? कशाच्या तुलनेत? किती काळाने? उपचाराचा कोणताही दावा समोर आला, मग तो शस्त्रक्रियेचा असो, काढ्याचा असो की चुंबकाच्या पट्ट्याचा, हे तीन प्रश्न विचारावेत. आकडे असतील तर चौथा प्रश्न आपोआप सुचतो : सोडून गेलेल्यांचे काय झाले?

दाजींनी दुसऱ्या एका पोटविकारतज्ज्ञांची भेट घेतली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गोळी कधी घेता?" दाजी ती रात्री जेवणानंतर, झोपताना घेत असत. आम्ल तयार करणाऱ्या पेशींमध्ये सूक्ष्म पंप असतात. ही गोळी ते बंद करते, पण चालू असलेलेच पंप ती बंद करू शकते. आणि पंप जोरात चालू होतात ते खाल्ल्यावर. म्हणून गोळी खाण्याच्या अर्धा तास आधी घ्यावी लागते. ही गोष्ट त्यांना सात वर्षांत कोणी सांगितली नव्हती, आणि पाकिटातल्या बारीक अक्षरांच्या चिठ्ठीपर्यंत कोण जातो!

वेळ बदलल्यावर दाजींची जळजळ बरीच कमी झाली आहे. पुरती गेली असे नाही. पुन्हा वाढली तर २४ तासांची तपासणी करायची आणि तीत आजार दिसला तर शस्त्रक्रियेचा विचार करायचा, असे ठरले आहे. यावरून कोणी वाचकाने स्वतःचा उपचार ठरवू नये. एका माणसाचा अनुभव हा पुरावा नव्हे, तो माझ्या दाजींचा असला तरी. गिळताना अडकणे, रक्ताची उलटी, काळा मल, वजन घटणे यांपैकी काही असेल तर गोळ्यांचे प्रयोग करीत न बसता डॉक्टरांकडे जावे. आणि छातीतली प्रत्येक जळजळ पोटातलीच असते असेही नाही, हृदयाची शंका आधी फेडून घ्यावी.

सुटीनंतर दाजींनी त्या ३६६ रुग्णांचे आकडे दहावीच्या वर्गात फळ्यावर लिहिले आणि बेरीज करायला सांगितली. ४२, ७०, ५४, २३, ९९, ७८. बेरीज बरोबर ३६६ येते. मग शेकडेवारी काढून झाली. तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलीने विचारले, "सर, ते तपासणी अर्धवट सोडून गेलेले सत्तर जण पुढे बरे झाले का?"

दाजींकडे उत्तर नव्हते. माझ्याकडेही नाही. पण ते पत्रक माझ्या हाती येण्याआधी तिच्या हाती पडले असते, तर हा लेख लिहिण्याची वेळ माझ्यावर आली नसती.